निस्ताराचे अन्न

नागपूर प्रांताच्या जुन्या जमाबंदीच्या दप्तरांत वाजिब-उल-अर्ज या नावाचा एक कागद गावोगाव तयार केलेला आढळतो. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा वसूल करून भरणाऱ्यांना, गावांची मालकी बहाल करीत असताना, रयतेच्या पूर्वापार वहिवाटी बुडू नयेत म्हणून त्या लिहून काढण्याची पद्धत पडली. या वहिवाटींपैकी रानातून घरखर्चापुरते आणण्याचा जो रिवाज, त्याला या मुलखात निस्तार म्हणतात. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तरीही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही शब्द कायम राहिले. रानात आपोआप उगवणाऱ्या अन्नासंबंधीचा हा लेख मी या रुक्ष कागदापासून आरंभतो, याला कारण आहे. आज रानभाजीविषयी जे कौतुकाने बोलले जाते, ते बहुधा चवीविषयी आणि औषधी गुणांविषयी असते. परंतु ती भाजी ताटात येण्यापूर्वी कोणालातरी रानात जाण्याचा हक्क असावा लागतो आणि तेथे काय खुडावे याचे ज्ञान असावे लागते, आणि या दोहोंपैकी एक जरी गेले तरी दुसरे टिकत नाही, एवढीच गोष्ट मला येथे विस्ताराने मांडावयाची आहे.

नागपूर शहराला हा विषय परका नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठच्या वाड्या एकत्र करून हे नगर वसविले, म्हणजे ज्या समाजाने या प्रदेशातील अरण्याशी सर्वांत दीर्घ संबंध राखला, त्याच समाजाच्या राजपुरुषाच्या हातून या शहराचा पाया घातला गेला. उत्तरेस रामटेक, पारशिवनी, देवलापार येथून सातपुड्याच्या पायथ्याचे सागवान आणि बांबूचे रान सुरू होते व ते पेंचच्या अभयारण्यात मिळते. दक्षिणेस उमरेड व भिवापूरकडून चंद्रपूरच्या दाट झाडीची वाट लागते. पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीचा, ज्याला लोक झाडीपट्टी म्हणतात तो, मुलूख पसरलेला आहे. हे सर्व शुष्क पर्णपाती वन होय. उन्हाळ्यात ते इतके निष्पर्ण होते, की परक्या माणसास येथे खाण्याजोगे काही असेल असे वाटूही नये. परंतु जाणत्याला वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही.

फाल्गुन संपून चैत्र लागला, की मोह फुलतो. त्याची मांसल, फिकट पिवळी, गोड फुले मध्यरात्रीनंतर गळू लागतात आणि उन्हे चढेपर्यंत झाडाखाली सडा पडलेला असतो. म्हणून बाया आणि मुले तांबडे फुटण्याच्या आतच टोपल्या घेऊन निघतात. ही फुले उन्हात वाळवली म्हणजे तांबूस-करडी होतात, मनुकेसारखी चिवट लागतात, आणि ओल लागू दिली नाही तर पुढल्या मोसमापर्यंत टिकतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ शर्करेचा असतो. त्यांची भाकरी होते, तिळाबरोबर कुटून लाडू होतात, आणि बियांचे तेल निघते ते निराळेच. मोहाच्या पाठोपाठ चार पिकतात, ज्यांच्या कठीण बाठ्यांतून मिठाईवाल्यांची चारोळी निघते. मग टेंभरे, म्हणजे ज्या झाडाच्या पानांची विडी होते त्याचीच पिवळी, मधुर फळे. मृगाचा पाऊस पडला की बांधावर, पडीत, रस्त्याच्या कडेला तरोटा वर येतो. त्यापाठोपाठ घोळ, चिवळ, केना, पाथरी, आणि बांबूच्या बेटांतून कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात. श्रावणात काटवलाच्या वेलीला काटेरी फळे लागतात आणि वारुळांवर सात्या उगवतात. पावसाळा सरता सरता मटारूसारखे कंद जमिनीत भरतात, आणि थंडीत बोरे, आवळे, कवठ. असे हे बारमाही पंचांग आहे, आणि ते कोठेही छापलेले नाही.

तरोट्याचेच उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. मृगानंतर पहिल्या काही आठवड्यांतच त्याचे शेंडे खुडावयाचे असतात. पाने दुमडता येतील इतकी कोवळी हवीत. फूल धरले की ती राठ व उग्र वासाची होतात आणि जाणती बाई त्यांना हात लावीत नाही. खुडलेला शेंडा पुन्हा फुटतो, म्हणून एकाच जागी फिरून जाता येते. घरी ती भाजी निवडून, भिजवलेल्या चण्याच्या डाळीबरोबर, लसूण व मिरचीच्या फोडणीत शिजवितात. ज्या झुडपाला शेतकरी तण म्हणून उपटून फेकतो, त्याच्यावर कित्येक घरांची आषाढातील कोरड्यासाची पंचाईत भागते. कारण तेव्हा कोठीतले धान्य सरत आलेले असते, मळ्यातली भाजी अद्याप यावयाची असते, आणि पेरणीच्या मजुरीचा पैसा हाती पडलेला नसतो. पोषणाच्या दृष्टीनेही हा काळ नेमका अशाच पालेभाजीची निकड असलेला असतो. हिरव्या पानांतून लोह, चुना आणि निरनिराळी जीवनसत्त्वे मिळतात; घोळीसारख्या सामान्य पाल्यात तर वनस्पतिजन्य आहारात विरळा आढळणारे ओमेगा-३ जातीचे स्निग्धाम्ल चांगल्या प्रमाणात असते.

*

सात्यांची गोष्ट याहून अद्भुत आहे. श्रावणातील दमट, ढगाळ हवेत, एक दोन दिवस पाऊस उघडून पुन्हा सर पडली, की वारुळाच्या भोवती पांढऱ्या छत्र्या एकदम उमलतात. शहरी माणूस त्यांना भूछत्र म्हणून सोडून देतो. परंतु ज्या प्रजातीतील ही अळंबी आहे, तिचे नाव ‘टर्मिटोमायसिस’, आणि ते १९४२ साली रॉजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रस्थापित केले. ती रानात स्वैर उगवत नाही. तिची लागवड वाळवी करते. वाळवीच्या काही जाती वाळलेले लाकूड व पाला चावून जमिनीखाली त्याचे मधाच्या पोळ्यासारखी भोके असलेले वाफे रचतात आणि त्यांवर या बुरशीचे तंतू वाढवितात. ज्या कठीण काष्ठद्रव्याचे पचन वाळवीला स्वतः करता येत नाही, ते ही बुरशी फोडून देते, आणि वाळवी त्या पिकावर जगते. हा परस्परसंबंध कोट्यवधी वर्षांपूर्वीपासून चालत आलेला आहे, म्हणजे मनुष्याने पहिले बी पेरले त्याच्या कितीतरी आधीची ही शेती होय. पावसात त्या वाफ्यावरून एक लांब, मुळासारखा देठ माती भेदून वर येतो आणि त्याच्या टोकाशी आपल्याला दिसते ती छत्री उघडते.

यातूनच या अन्नाची शिस्त ठरते. सात्या कारखान्यात पिकविता येत नाहीत. कारण त्यांचा माळी म्हणजे ती विशिष्ट वाळवी, आणि तिची वसाहत तयार करून देणे माणसाला आजवर साधलेले नाही. म्हणून जाणते लोक वारूळ खोदीत नाहीत. देठ जमिनीलगत धरून हलक्या पिळाने काढतात, खालचा वाफा तसाच राहू देतात, आणि कोणत्या वारुळावर मागल्या साली सात्या आल्या होत्या हे ध्यानात ठेवतात. अशा जागा कुटुंबात पिढीजात सांगितल्या जातात आणि परक्यापुढे सहसा उच्चारल्या जात नाहीत. घरी आणल्यावर देठाची माती खरवडून, अनेक पाण्यांत धुऊन, कांदा-लसणाच्या वाटणात त्यांचा रस्सा करतात. त्याला जो मांसल स्वाद येतो, त्यामुळे श्रावण पाळणारी घरे त्याची मोसमभर वाट पाहत असतात. नागपूरच्या बाजारांत त्या पळसाच्या पानांवर लहान ढिगांनी मांडल्या जातात, आणि त्यांचा भाव मटणाच्या भावाची बरोबरी करतो, कित्येकदा त्याच्याही वर जातो. सकाळी काढलेली छत्री संध्याकाळपर्यंत काळवंडते व मऊ पडते. म्हणून रामटेक किंवा भंडाऱ्याच्या बाजूने पहाटेची गाडी धरून आलेल्या बाईला दुपारच्या आत टोपली रिकामी करावी लागते, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला या निकडीची पुरती कल्पना असते.

*

या ज्ञानाची दुसरी बाजू विषाची आहे. रानातले सर्वच सेव्य असते तर कोणाही आगंतुकाने जाऊन खुडले असते, आणि त्याला हजारो वर्षांच्या अनुभवाची गरज उरली नसती. बांबूच्या कच्च्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. वास्ते बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देण्याची जी रीत घरोघर आहे, तिने ते निघून जाते. रानटी कंदांच्या काही जाती इतक्या कडू व विषारी असतात, की त्यांच्या पातळ चकत्या करून, राखेच्या पाण्यात शिजवून, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात कित्येक तास ठेवल्याखेरीज त्या तोंडात घालता येत नाहीत. सुरण व अळूच्या वर्गातील झाडांत सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि ते घशात रुततात. चिंच किंवा आंबट पाल्याबरोबर शिजविण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. मध्यप्रांताच्या जंगलांत आदिवासींमध्ये हिंडून संशोधन करीत असताना विषारी सुरण खाण्यात आल्यामुळे दुर्गा भागवत यांना कित्येक वर्षे रुग्णशय्येवर काढावी लागली. ज्या विदुषीने पुढे मराठी वाचकाला निसर्गाकडे पाहण्याची एक निराळीच दृष्टी दिली, तिला ही किंमत मोजावी लागली, यावरून रान हे वाचून समजणारे शास्त्र नव्हे, हे ध्यानात यावे.

अळंबीच्या बाबतीत तर चूक क्षम्य नाही. अमानिता प्रजातीतील अत्यंत विषारी जाती खाल्ल्यानंतर सहा तासांहून अधिक काळ काहीच जाणवत नाही. मग ओकाऱ्या व जुलाब होतात, मध्यंतरी बरे वाटू लागते, आणि त्याच अवधीत यकृताचा नाश चाललेला असतो. शहरातील बागांच्या हिरवळीवर पावसाळ्यात पांढऱ्या टोपीची एक मोठी अळंबी येते, तिचे खालचे पडदे वय झाल्यावर हिरवट होतात. तीही अन्न समजून खाल्ली असता जबर विकार होतो. चांदीचा चमचा काळा पडतो काय, किडीने ती कुरतडली आहे काय, असल्या ऐकीव कसोट्या सर्वस्वी निरुपयोगी आहेत. झाडीपट्टीतील लोक असल्या कसोट्यांवर विसंबत नाहीत. ज्या वारुळाची आजी-पणजीपासून ओळख आहे, त्या वारुळाची, पुरती ओळखीची अशीच अळंबी ते खातात, आणि शंका आली तर टाकून देतात. हा विवेक त्या ज्ञानाचा गाभा आहे. चित्रे पाहून रानात भाजी शोधावयास निघालेल्या उत्साही नागरिकाने तो प्रथम शिकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*

या अन्नाला दुष्काळाचे अन्न असे म्हणण्याची जी चाल पडली, तिच्यामुळे त्याचे फार नुकसान झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. दुष्काळ पडला म्हणजे राखीव जंगले खाद्य वस्तू गोळा करण्यासाठी खुली करावीत, अशी तरतूद त्या काळच्या दुष्काळसंहितांत होती. आणि १९०२ साली गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यातील दुष्काळी खाद्य वनस्पतींवर एक टिपणही प्रसिद्ध केले. दयाबुद्धीने केलेल्या या गोष्टींतून एक ग्रह मात्र रूढ झाला, तो असा, की पोट जाळण्याचा दुसरा मार्ग उरला नाही म्हणजेच माणूस रानाकडे वळतो. वस्तुतः ज्या वर्षी पीक उत्तम येते त्याही वर्षी काटवल खाल्ले जाते आणि सात्यांची वाट पाहिली जाते. फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्यप्रांतातील डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ साली निघाला, त्यातही मोहाला तेथील जीवनातील एक नित्य आधार म्हणूनच स्थान मिळालेले आहे. दारिद्र्याची खूण म्हणून हिणवल्यामुळे शाळेत जाणारी मुले डब्यातील तरोट्याची भाजी झाकू लागली, आणि ज्ञानाची साखळी तुटण्यास तेथूनच आरंभ झाला.

कायद्याने या साखळीवर दुसरा घाव घातला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील वनोपजाच्या व्याख्येत मोहाची फुले व बिया यांचा समावेश आहे, आणि तोही ‘जंगलात सापडलेल्या असोत वा नसोत’ अशा अर्थाच्या शब्दांनी. म्हणजे स्वतःच्या शेताच्या बांधावरील मोहाखाली वेचलेले फूलही सरकारी व्याख्येत वनोपज ठरते. दारूबंदीच्या धोरणामुळे मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर महाराष्ट्रात दीर्घकाळ निर्बंध होते, आणि अन्न म्हणून फुले साठविणाऱ्या घरालाही अबकारी शिपायाचा धाक बाळगावा लागे. २०२१ साली हे निर्बंध बऱ्याच अंशी उठविण्यात आले, ही समाधानाची गोष्ट होय. अभयारण्यांच्या सीमेत मात्र वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे वेचणीवर कडक बंधने आहेत, आणि पेंचच्या परिसरातील गावांना त्यांचा जाच रोज जाणवतो. वाघाचे रक्षण झाले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु चैत्र-वैशाखात मोह आणि तेंदूपान वेचताना चंद्रपूरच्या रानात ज्या बाया वाघाच्या हल्ल्यात प्राण गमावतात, त्यांचाही विचार त्याच गांभीर्याने व्हावयास हवा.

या अंधारात २००६ चा वनहक्क कायदा हे एक मोठे पाऊल होते. त्यात निस्तारासारख्या सामुदायिक हक्कांचा त्याच नावाने उल्लेख आहे, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपान यांच्याबरोबर मुळे आणि कंदही आहेत. नागपूरच्या आग्नेयेस, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा या गोंड गावाने देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्याने अनेक वर्षे अभ्यास आणि सभा करून सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळविला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूचा पैसा दिसतो म्हणून त्याची वार्ता झाली. पण ज्या गावाचे जंगल त्याच्या हाती आले, तेथे कोणत्या बेटातील किती कोंब वास्त्यांसाठी घ्यावे व किती वाढू द्यावे, चारोळीसाठी फांद्या तोडू नयेत, मोहाखालचा पालापाचोळा जाळताना वणवा लागू नये, हे ठरविण्याचा अधिकारही त्याच सभेला आला. मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून लावलेल्या आगीतून वणवे पेटतात, हे कटू सत्य आहे; त्याचा उपाय वनरक्षकाच्या काठीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाने अधिक टिकाऊ होतो.

*

रानाबाहेर, शेताच्या बांधावर, संकट निराळ्या वाटेने आले आहे. कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत निंदणीऐवजी तणनाशकाची फवारणी वाढली, आणि तरोटा, घोळ, केना, पाथरी ही ज्या जमिनीत सहज मिळत, तेथे ती मरू लागली किंवा विषाने माखून खाण्यास अयोग्य झाली. पूर्वी निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी पदरात भाजी घेऊन परतत असे. आता तिची मजुरी बुडाली आणि भाजीही. रानात घाणेरीची जाळी पसरली, तिच्याखाली मूळचा कोवळा पाला दबून गेला. काटवलाची वेल जमिनीतील कंदावर वर्षानुवर्षे तगून राहते, शिवाय नर आणि मादी वेली निराळ्या असतात. कंद खणून नेला, किंवा फळ धरीत नाही म्हणून नर वेल उपटली, तर पुढल्या साली फळच धरत नाही. ही बारीक बाब ज्यांना ठाऊक आहे त्यांचे म्हातारपण सरत चालले आहे, आणि त्यांच्या नातवंडांना ती सांगण्याचा प्रसंग दुर्मीळ झाला आहे.

विद्वानांनी आपले काम केले नाही असे नाही. हेन्स आणि विट यांनी १९१६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या वनमंडलांतील वृक्ष-झुडपांच्या वर्णनात्मक याद्या प्रसिद्ध केल्या. १९८६ साली उगेमुगे यांनी नागपूर जिल्ह्याची वनस्पतिसूची ग्रंथरूपाने दिली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत गोंड, माडिया आणि ढिवर लोकांकडून ऐकलेली नावे व निरीक्षणे मराठीत आणली. कृषिखातेही अलीकडच्या वर्षांत ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरविते, आणि शहरातील गिऱ्हाईक तेथे उत्सुकतेने येते. या सर्वांचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु ग्रंथात नोंदलेली वनस्पती आणि महोत्सवात मांडलेली पाककृती यांनी वारूळ टिकत नाही. ज्या बाईला त्या वारुळापर्यंत जाण्याची मुभा आहे, जिला त्याच्या जपणुकीत आपले हित दिसते, आणि जिची नात तिच्याबरोबर चालते, तिच्या हातूनच ते टिकते.

म्हणून माझे मागणे मोठे नाही, आणि ते आपल्याच दप्तरात अर्धे लिहिलेले आहे. प्रत्येक गावाच्या निस्तार पत्रकात, आणि जेथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तेथे ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात, त्या गावी खाल्ल्या जाणाऱ्या रानभाज्या, फळे, कंद आणि अळंबी यांची नावानिशी नोंद व्हावी: कोणती, कोठे, केव्हा, किती घ्यावी, आणि कोणते विष कसे काढावे. ही नोंद तलाठ्याने कार्यालयात बसून करू नये. गावच्या जाणत्या बायांना मेहनताना देऊन, त्यांच्या तोंडून, शाळेतील मुलांच्या हातून ती लिहून घ्यावी, म्हणजे लिहिता लिहिता मुलेही शिकतील. नागपूरच्या महानगरपालिकेने आपल्या बाजारांत पहाटे येणाऱ्या या विक्रेत्या बायांसाठी सावलीची, पाण्याची, हक्काची जागा राखावी. आणि आपण गिऱ्हाइकांनी, मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणाऱ्यांनी, पळसाच्या पानावरील सात्यांच्या ढिगासाठी दहा रुपयांची घासाघीस करू नये. त्या दहा रुपयांत रात्रीपासूनची पायपीट आणि पिढ्यांचा विवेक या दोहोंचा मोबदला आहे, आणि तो देणे हे आपले साधे देणे आहे.